अल्फा ०.९१ आला, आता चाचणी सप्रमाण झाली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिसरी ते पाचवीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी बोधनिक (म्हणजे समजण्याच्या, विचार करण्याच्या) क्षमतेची ६० प्रश्नांची चाचणी तयार केली आहे. त्यात ३० प्रश्न शाब्दिक आणि ३० आकृत्यांचे, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ ४५ मिनिटं. शाब्दिक प्रश्न बहुतेक इंग्रजीवरून घेतले आणि उलट-भाषांतर करून (मराठीचं पुन्हा इंग्रजी करून मूळाशी ताडून) तपासले. १० शाळांतल्या ४०० मुलांना चाचणी दिली. क्रोनबाखचा अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.९१ आला, वार्षिक परीक्षेच्या गुणांशी सहसंबंध ०.७८. कच्च्या गुणांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) तिन्ही इयत्ता मिळून १२, एकट्या तिसरीचं ९, आणि तिसरीची सरासरी २७. आता चाचणी व्हॅलिड, म्हणजे सप्रमाण झाली असं म्हणायचं का, आणि मागे पडणारी मुलं ओळखायला ती वापरता येईल का?

दोन्हींचं उत्तर आज तरी नाही. मेहनत वाया गेलेली नाही, पण हातात आहे तो पहिला कच्चा खर्डा आहे. आणि ‘चाचणी सप्रमाण आहे का’ या प्रश्नाचा आधी अर्धा भाग जोडायला हवा: कशासाठी? सप्रमाणता चाचणीला चिकटलेली नसते. गुणांवरून आपण जो अर्थ काढतो आणि पुढे जो निर्णय घेतो, त्याला पुरावा आहे की नाही, एवढंच तपासता येतं. वर्गातली हुशार मुलं निवडणं, मागे पडलेल्यांपैकी कोणाला अधिक तपासणीला पाठवायचं ते ठरवणं, एखाद्या उपक्रमाने फरक पडला का ते बघणं, ही तीन कामं आहेत. या तिन्हींसाठी प्रश्नांची काठिण्यपातळी वेगळी, नमुना वेगळा, पुरावाही वेगळा. तुमचं काम दुसरं आहे असं धरून पुढचं लिहितो.

आधी ०.९१ कडे बघू, कारण बहुतेक प्रबंध याच आकड्यावर निजतात.

अल्फा दोन गोष्टींवर अवलंबून असतो: प्रश्न किती आणि त्यांचा आपापसातला सरासरी सहसंबंध किती. ६० प्रश्न असतील तर ०.९१ अल्फा यायला तो सरासरी सहसंबंध फक्त ०.१४ असला तरी पुरतो. हा आकडा उलगडून बघा. समजा ३० शाब्दिक प्रश्न एकमेकांशी ०.२९ ने जोडलेले आहेत, ३० आकृत्यांचे प्रश्नही एकमेकांशी ०.२९ ने, आणि दोन गटांत मिळून काहीही संबंध नाही, शून्य. साठही प्रश्नांची सरासरी येते ०.१४२ आणि अल्फा येतो ०.९१. म्हणजे एकमेकांशी देणंघेणं नसलेल्या दोन चाचण्या एका कागदावर छापल्या तरी तुमचाच आकडा मिळतो. चाचणी एकच गोष्ट मोजते हे अल्फा सांगत नाही. ती गोष्ट बुद्धी आहे हे तर दूरच राहिलं.

शिवाय हा ०.९१ थोडा फुगलेला आहे. तिसरी, चौथी आणि पाचवी एकत्र घातली की वयामुळे गुणांचा पसारा वाढतो, आणि पसारा वाढला की विश्वसनीयता (गुणांवर किती भरवसा ठेवता येतो त्याचं माप; अल्फा हा तिचाच एक अंदाज) वर जाते. तुमचेच आकडे घ्या: प्रमाण विचलन १२ आणि विश्वसनीयता ०.९१, म्हणजे मापनाची त्रुटी ३.६ गुणांची. तिसरीत प्रमाण विचलन ९ आहे, त्रुटी तीच धरली तर विश्वसनीयता १ − (१२.९६ ÷ ८१), म्हणजे ०.८४. मुलाची तुलना त्याच्या वयाच्या मुलांशीच होणार, तेव्हा खरा आकडा हाच. फुगवट्याचं दुसरं कारण वेळेचं. तिसरीतली बरीच मुलं ४५ मिनिटांत शेवटच्या दहा-पंधरा प्रश्नांपर्यंत पोचली नसतील आणि त्या सगळ्यांना तुम्ही शून्य दिला असेल, तर ते शून्य एकमेकांशी छान जुळतात आणि अल्फा चढतो. प्रत्येक उत्तरपत्रिकेत शेवटचा सोडवलेला प्रश्न कितवा ते मोजा. शेवटपर्यंत पोचलेली मुलं ९० टक्क्यांहून कमी असतील, तर चाचणी वेगाचीही आहे हे मान्य करावं लागेल, आणि वेगाच्या चाचणीला अल्फा लावू नये.

०.८४ चा व्यवहारातला अर्थ काय? बुद्ध्यंकाच्या नेहमीच्या मापावर (सरासरी १००, प्रमाण विचलन १५) त्रुटी येते १५ × √०.१६, म्हणजे ६. मुलाला ७२ मिळाले तर ९५ टक्के खात्रीची पट्टी ६० ते ८४. काटेकोर पद्धतीने मुलाचा गुण आधी सरासरीकडे थोडा ओढून घेतला, तर पट्टी साधारण ६६ ते ८७ अशी येते. एका टोकाला गंभीर चिंता आणि दुसऱ्या टोकाला ‘काही विशेष नाही’, आणि दोन्ही एकाच पट्टीत. ७० ची रेघ मारून निर्णय घेणाऱ्यांनी ही पट्टी प्रत्येक अहवालात छापावी.

त्याहून मोठी अडचण तळाशी आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. चार पर्यायांच्या ६० प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या तर सरासरी १५ गुण मिळतात. तिसरीची सरासरी २७ आणि प्रमाण विचलन ९. मग १५ गुण म्हणजे सरासरीच्या १.३३ विचलनं खाली, म्हणजे ८०. एकही प्रश्न न वाचता मूल ८० वर पोचतं! नशिबाच्या चढउताराने ते ८ पासून २२ गुणांपर्यंत कुठेही पडेल. म्हणजे तिसरीत ही चाचणी सुमारे ९० च्या खाली मुलांमुलांत फरक करूच शकत नाही, आणि तुम्हाला तर नेमका तिथलाच फरक हवा आहे. उपाय दोन: एक म्हणजे तळाला अतिशय सोपे असे दहा-बारा प्रश्न घालायचे, जे तिसरीची ९० ते ९५ टक्के मुलं सोडवतील. दुसरा म्हणजे काही प्रश्न पर्यायांविना ठेवायचे: मूल तोंडी उत्तर देतं, रचून दाखवतं, काढून दाखवतं. पहिल्या उपायाने तळ सुधारतो, पण अंदाजाचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. म्हणूनच अशा कामाच्या चाचण्या जगभर एकेका मुलाला समोर बसवून घेतात. वर्गात गठ्ठ्याने घेतलेली चाचणी फार तर चाळणी ठरते.

आता ०.७८. हा आकडा बघून आनंद झाला असेल, पण मला तो खटकतो. परीक्षेची विश्वसनीयता ०.८५ धरली आणि तुमची ०.९१, तर त्रुटी वजा जाता खरा सहसंबंध ०.८९ च्या आसपास जातो. म्हणजे तुमची चाचणी बहुतांशी वार्षिक परीक्षाच पुन्हा घेते आहे. क्षमता आणि शालेय गुण यांच्यात ०.४ ते ०.६ चा संबंध असणं स्वाभाविक. ०.७८ दिसला की पहिला संशय वाचनावर घ्यावा: मूल प्रश्न वाचू शकतं की नाही, यावरच दोन्हीकडचे गुण ठरत असावेत. आणि मागे पडणारी मुलं ओळखायची असतील तर हा घोळ अगदी मुळावर येतो. वाचनात अडखळणारं पण विचारात तल्लख मूल आणि दोन्हींत मंद असणारं मूल, या दोघांना शाळेने वेगवेगळी मदत द्यायला हवी. तुमची चाचणी दोघांना एकाच रांगेत बसवेल.

हे तपासायला महागडं काही लागत नाही. त्याच शाळांतली सुमारे २०० मुलं घ्या आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एक गट प्रश्न स्वतः वाचेल, दुसऱ्याला प्रश्न आणि पर्याय मोठ्याने दोनदा वाचून दाखवायचे. प्रत्येक मुलाची एका मिनिटाची मोठ्याने वाचनाची तपासणीही करा, अचूक शब्द मोजून. वाचून दाखवलेल्या गटात वाचनाच्या वेगाशी असलेला संबंध धाडकन उतरला, तर मूळ चाचणी वाचन मोजत होती. मग तोंडी सूचना हाच नियम करावा लागेल.

शाब्दिक प्रश्नांवर मात्र जरा थांबायला हवं. उलट-भाषांतर जुळलं म्हणजे प्रश्न जुळला, असं नसतं. उलट, मराठी जितकी इंग्रजीची छाया तितकं उलट-भाषांतर हुबेहूब येतं. या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाच्या मार्गदर्शक सूचना (दुसरी आवृत्ती, २०१७) याच कारणाने एकट्या उलट-भाषांतरावर विसंबत नाहीत. प्रश्नाला मराठीत तीच विचारप्रक्रिया लागते का, हे बघावं लागतं. ती कशी बदलते याची नेहमी सापडणारी उदाहरणं देतो.

‘हात : हातमोजा :: पाय : ?’ इंग्रजीत हातमोजा आणि पायमोजा यांचे शब्द वेगळे, म्हणून नातं शोधावं लागतं. मराठीत ‘हात’च्या जागी ‘पाय’ ठेवला की उत्तर तयार. प्रश्न नातं ओळखण्याचा राहिलाच नाही. याउलट लिंगाची गळती: ‘यांपैकी वेगळी कोणती?’ असं विचारून पर्याय दिले डबा, घर, पेटी, झाड. ‘कोणती’ या शब्दानेच पेटी सांगून टाकली. विशेषणं आणि क्रियापदांतूनही असंच होतं. प्रत्येक प्रश्नाच्या मुख्य वाक्यातलं लिंग-वचन चारही पर्यायांना लागू पडतं का, हे एका माणसाने फक्त तेवढ्यासाठी वाचून काढावं.

तोंडी गणितात अंकांची नावं आडवी येतात. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. लहान मुलं म्हणूनच २५ च्या जागी ५२ लिहितात. एकोणतीस, एकोणऐंशी, एकोणनव्वद हे शब्द तर स्वतःच छोटी वजाबाकी आहेत. इंग्रजीत ७९ असलेला साधा प्रश्न मराठीत ‘एकोणऐंशी’ ऐकवला की काही मुलं ८९ धरून बसतात आणि गणिताआधीच बाद होतात. वर २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत आली आणि त्यावर मोठा वाद झाला, म्हणजे कोणत्या तुकडीला काय सवय आहे याचाही भरवसा नाही. तोंडी प्रश्नांत २०, ३०, ४० सारख्या संख्या किंवा १० च्या आतल्या वापराव्यात; मोठी संख्या हवीच असेल तर अंकांत लिहिलेलं कार्ड समोर धरावं.

अंकस्मृतीची (ऐकलेले अंक त्याच क्रमाने परत म्हणण्याची) चाचणी पुढे घालणार असाल तर आणखी एक. स्मृतीत किती अंक मावतात हे ते अंक उच्चारायला किती वेळ लागतो यावर अवलंबून असतं. वेल्श भाषेतली अंकनावं इंग्रजीपेक्षा म्हणायला लांब, आणि द्विभाषिक माणसांना वेल्शमध्ये कमी अंक आठवतात, हे १९८० मध्ये दाखवलं गेलं. मराठीत सहा आणि नऊ सोडले तर बहुतेक अंक एकाच स्वराचे, एका झटक्यात म्हणता येणारे, ही सोय आहे. पण चार, पाच, सात, आठ या चौघांत तोच ‘आ’ स्वर घुमतो, आणि आवाजात सारखे असलेले शब्द क्रमाने लक्षात ठेवणं जड जातं. ‘७-४-८-५’ आणि ‘१-९-३-६’ या दोन्ही चार अंकी मालिका, पण काठिण्य सारखं धरू नये. प्रत्येक लांबीच्या मालिकेत ‘आ’वाले अंक साधारण सारख्या संख्येने पसरा. सेकंदाला एक अंक, आवाज सपाट, फक्त शेवटच्या अंकावर किंचित उतरता. जोड्या-जोड्यांनी म्हणणारा परीक्षक मुलाला नकळत एक-दोन अंक बक्षीस देतो. अक्षरं आणि अंक क्रमाने लावण्याचा इंग्रजी प्रकार तर मराठीत आणूच नये. वर्णमालेचा क्रम आपल्या मुलांना इंग्रजी मुळाक्षरांसारखा मागून-पुढून पाठ नसतो.

शब्दसंग्रहात बोलीचा हिशोब हवा. विदर्भात पेरूला जांब म्हणतात. कोकणात जाम म्हटलं तर दुसरंच फळ समोर येतं. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल किंवा गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं मूल मराठी शब्दांच्या प्रश्नात चुकलं, तर तो भाषेच्या ओळखीचा पुरावा होतो, क्षमतेचा नाही. अशा मुलांसाठी शाब्दिक गुण वेगळे काढायची सोय ठेवा आणि ‘हा भाग मोजू नये’ हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहा.

‘केळं आणि संत्रं यांत सारखं काय?’ यावर ‘दोन्ही फळं’ म्हटलं की पूर्ण गुण आणि ‘दोन्ही खातात’ म्हटलं की अर्धे, अशी रूढ पद्धत आहे. १९३१-३२ मध्ये सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लुरियांनी उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतलं वेगळं काय असं विचारलं, तर ओंडक्याशिवाय बाकीच्यांचा उपयोग काय, असा सवाल परत आला. वर्गवारीने बोलायची सवय शाळा लावते. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांत परीक्षकाने ‘बरोबर, आणखी एका शब्दात सांगता येईल का?’ असं विचारून अपेक्षित उत्तर स्वतः दाखवावं, आणि मग पुढे शांत राहावं. ज्याला अपेक्षा कळलीच नाही त्याची क्षमता मोजता येत नाही.

आकृत्यांचे प्रश्न भाषेपासून सुटलेले दिसतात, पण त्यांच्या खोड्या वेगळ्या. बहुतेकांच्या डोळ्यापुढे १९३८ च्या रेव्हनच्या सारण्या असतात, म्हणजे ओळी-रकान्यांत मांडलेल्या आकृत्यांतली रिकामी जागा भरायचे प्रश्न. (त्या किंवा वेक्सलरच्या बुद्धिमापन चाचण्या जरा फिरवून ‘आपल्या’ करता येत नाहीत, त्यांचे हक्क प्रकाशकाकडे आहेत आणि बाहेर फुटलेले प्रश्न सगळ्यांचंच नुकसान करतात.) चांगला सारणी-प्रश्न नियमांतून बांधतात: ओळीत एक गुणधर्म स्थिर, एक क्रमाने वाढता, एक बेरीज-वजाबाकीने ठरणारा, एक तीन रूपांत वाटलेला. आधी नियम कागदावर लिहा, मग आकृती काढा. एका नियमाचे प्रश्न सोपे, दोन नियमांचे मध्यम, तीन नियमांचे अवघड. प्रत्यक्ष काठिण्य या अपेक्षेशी जुळलं, तर सप्रमाणतेचा तो एक चांगला पुरावा होतो, आणि तोही फुकट.

चुकीचे पर्याय करताना हमखास होणारी चूक अशी. बरोबर उत्तर घेतात आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायात त्यातली एकच गोष्ट बदलतात. मग चारही पर्यायांत सर्वांशी सर्वात जास्त साम्य असलेला पर्याय बरोबर ठरतो आणि वरची आकृती बघावीच लागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चाचणीसाठी २०१९ मध्ये केलेल्या ‘रेव्हन’ याच नावाच्या प्रश्नसंचात नेमकं हे घडलं. फक्त पर्याय बघून संगणक बरोबर उत्तरं देत राहिले. तुमची चाचणी अशी तपासा: वरची आकृती झाकून फक्त पर्याय वीस-पंचवीस मोठ्या माणसांना द्या. चारात एक, म्हणजे २५ टक्क्यांहून बरेच जास्त जण बरोबर आले तर पर्याय पुन्हा बांधा. चुकीच्या पर्यायांत एक असा हवा जो एकच नियम पाळतो, एक असा जो शेजारच्या चौकोनाची नक्कल आहे, एक दुसऱ्या नियमातून आलेला.

छपाईचंही असंच. संगणकावर तीन राखाडी छटा छान दिसतात. तालुक्याच्या झेरॉक्सवर त्यांची एकच होते. छटांऐवजी रेघा, ठिपके आणि भरीव काळा वापरा, आणि नियम कधीही फक्त रंगावर ठेवू नका. तिसरीच्या मुलांना वेगळ्या उत्तरपत्रिकेत गोल काळे करायला लावू नका; एक ओळ चुकली की पुढचे सगळे प्रश्न चुकतात. पुस्तिकेतच खूण करू द्या. आणि पोषण आहाराची खिचडी शिजत असताना, सुट्टीच्या आधीच्या अर्ध्या तासात, चाचणी ठेवू नका. यावर संशोधन मागू नका, वास पुरेसा आहे.

आता पुन्हा सुरुवात कशी करायची. लागणाऱ्या प्रश्नांच्या दुप्पट-तिप्पट लिहा. ६० हवेत तर किमान १३०. तज्ज्ञांना दाखवा, पण त्यांच्या मंजुरीला फार किंमत देऊ नका, कारण तज्ज्ञ वाचतात आणि मुलं सोडवतात. खरी किंमत पुढच्या पायरीची: प्रत्येक इयत्तेची ८ ते १० मुलं, वेगवेगळ्या शाळांची आणि पातळ्यांची, एकेक करून. मुलाने उत्तर दिलं की लगेच विचारायचं, ‘तुला हे कसं कळलं?’ सोडवताना बडबड करायला लावू नका. या वयात ती सोडवण्याच्या आड येते. प्रत्येक उत्तराला चारपैकी एक खूण: बरोबर रीतीने बरोबर, भलत्या रीतीने बरोबर, योग्य रीतीने चूक, आणि प्रश्नच कळला नाही. मधल्या दोन खुणा एखाद्या प्रश्नावर पाव भागाहून जास्त झाल्या तर तो प्रश्न काढून टाका किंवा नव्याने लिहा. या पायरीवर आठवडाभर जातो आणि पुढचे सहा महिने वाचतात. तरीही ती सर्वात जास्त गाळली जाते.

मग प्रत्येक इयत्तेत दीडशे ते दोनशे मुलांवर प्रश्नांची चाळणी. विश्लेषण इयत्तावार करा. चार पर्यायांच्या प्रश्नात ६० ते ६५ टक्के मुलं बरोबर असतील तर तो प्रश्न मुलांना सर्वात चांगलं वेगळं करतो, पण सगळे प्रश्न तिथेच गोळा करू नका. तुम्हाला तळ मोजायचा आहे. २५ टक्क्यांहून कमी बरोबर म्हणजे मुलं अंदाजापेक्षाही खाली आहेत, तिथे कुठेतरी सापळा आहे. प्रश्नाचा उरलेल्या चाचणीशी सहसंबंध ०.३ च्या वर चांगला, ०.२ च्या खाली संशयास्पद. ऋण आला तर आधी उत्तरसूची तपासा. बहुतेक वेळा चूक तिथेच असते. ५ टक्क्यांहून कमी मुलांनी निवडलेला चुकीचा पर्याय निरुपयोगी आहे, आणि हुशार गटाने जास्त निवडलेला चुकीचा पर्याय बहुधा दुसरं बरोबर उत्तर आहे. राश प्रतिमान (मुलाची क्षमता आणि प्रश्नाचं काठिण्य एकाच मापावर ठेवणारं गणित) लावायला एवढा नमुना पुरतो. प्रश्नागणिक भेदशक्ती वेगळी मोजणारं प्रतिमान हवं तर ५०० च्या पुढे जावं लागतं, आणि अंदाजाचा भागही मोजायचा तर हजाराच्या.

रचनेसाठी घटक विश्लेषण करताना (कोणते प्रश्न एकत्र जातात ते बघताना) बरोबर-चूक अशा गुणांवर साधा सहसंबंध लावू नका. मग सोपे प्रश्न एका घटकात, अवघड दुसऱ्यात जातात आणि काठिण्यालाच क्षमता समजून नाव दिलं जातं. टेट्राकोरिक सहसंबंध (बरोबर-चूक अशा दोनच किमतींसाठीचा) घ्या, घटक किती ते समांतर विश्लेषणाने (यादृच्छिक आकड्यांशी तुलना करून) ठरवा. शाब्दिक आणि आकृती असे दोन घटक निघाले आणि त्यांचा आपापसात ०.५ च्या आसपास संबंध असला, तर दोन गुण वेगळे द्या आणि एकूण गुणही देता येईल. शून्याच्या जवळ असला तर एकूण गुण विसरा.

पक्षपात शोधताना दोन गटांच्या सरासरीतला फरक बघून उपयोग नाही. एकूण गुण सारखे असलेली मुलं निवडून, त्यांच्यात हा एक प्रश्न एका गटाला जास्त जड जातो का, हे मँटेल-हेन्झेल पद्धतीने बघा. प्रत्येक गटात निदान २०० मुलं हवीत. दोन गटांच्या उत्तर बरोबर येण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर (odds ratio) १.९ च्या वर किंवा ०.५३ च्या खाली गेलं तर फरक मोठा मानतात. मुली-मुलगे, ग्रामीण-शहरी, घरची भाषा मराठी-इतर, एवढे तीन तरी बघा. सगळेच प्रश्न एका गटाला सारखेच जड असतील तर ही पद्धत आंधळी असते. म्हणून वरचा वाचून दाखवण्याचा प्रयोग तरीही हवाच.

दुसऱ्या चाचणीशी तुलना करायला तुमच्या वयोगटात फार पर्याय नाहीत. भाटियांची १९५५ ची बॅटरी ११ ते १६ वर्षांच्या मुलग्यांसाठी, म्हणजे ती बाद. नागपूरला मालिन यांनी वेक्सलरच्या चाचणीवरून केलेली १९६९ ची भारतीय आवृत्ती ६ ते १५ वर्षांची, ती चालेल. रेव्हनच्या रंगीत सारण्याही चालतील. मात्र जुन्या मानकांवरून (कच्च्या गुणांची वयाप्रमाणे तुलना करायच्या तक्त्यांवरून) आलेले बुद्ध्यंक वापरू नका. पिढ्यांगणिक कच्चे गुण वाढत गेल्याचं अनेक देशांत दिसलं आहे, त्यामुळे जुनी मानकं आजच्या मुलांना फुकटचे गुण देतात. सहसंबंध कच्च्या गुणांवर, एकेका वयोगटात काढा. साधारण शंभर-दीडशे मुलं पुरतात. त्याच मुलांपैकी साठ-सत्तर जणांना तीन आठवड्यांनी तुमची चाचणी पुन्हा द्या, आणि सहसंबंधासोबत सरासरी किती वाढली तेही छापा. आकृत्यांच्या प्रश्नांत सरावाने वाढ जास्त होते, आणि उपक्रमाचा ‘परिणाम’ म्हणून तीच वाढ लोक दाखवतात.

मानकांसाठी तुमची ४०० मुलं हिशोबात धरूच नका. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. शाळेमुळे येणारं साम्य ०.२ धरलं, तर प्रत्येकी ४० प्रमाणे १० शाळांतली ४०० मुलं स्वतंत्रपणे निवडलेल्या फक्त ४५ मुलांइतकी माहिती देतात. तीच ४०० मुलं ५० शाळांतून आठ-आठ घेतली तर १६७ इतकी. प्रवास वाढतो, पण शंभर शाळांची नावं चिठ्ठीने काढून प्रत्येकीतून मोजकी मुलं घेणं हाच मार्ग आहे. जिल्हा परिषद, नगरपालिका, अनुदानित, विनाअनुदानित यांचं प्रमाण शिक्षण विभागाच्या आकडेवारीप्रमाणे ठेवा, आणि सेमी-इंग्रजीचं काय करणार ते आधीच ठरवा. हजर मुलांतून निवड करू नका, हजेरीपटावरून करा. गैरहजर राहणारी मुलं नेमकी तळातली असतात, आणि ती गळली की मानकं वर सरकतात.

शेवटी रूपांतराचा तक्ता. वर्षावर्षाचे तक्ते केले की काय होतं ते बघा. आठ वर्षांच्या मुलांची सरासरी २७, नऊ वर्षांच्यांची ३३, विचलन दोन्हींत ९. १८ गुण मिळवणारं मूल ८ वर्षं ११ महिन्यांचं असेल तर त्याला ८५ मिळतात. महिन्याभराने वाढदिवस झाला की त्याच १८ गुणांना ७५. त्या एका महिन्यात मुलात काहीच बदललेलं नसतं. तक्ते तीन-तीन किंवा चार-चार महिन्यांच्या टप्प्यांचे करा, मधल्या किमती सलग वक्रावरून घ्या, आणि छापायला देण्यापूर्वी प्रत्येक सीमेवर हाच हिशोब हाताने करून बघा. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरूनच घ्या आणि पहिलीत प्रवेशासाठी ती बदलली आहे का ते पालकांना विचारा. आणि तक्त्याच्या त्याच पानावर, मागच्या पानात कुठेतरी नाही, दोन वाक्यं छापा: ही चाचणी पुढील तपासणीला पाठवण्यासाठीची चाळणी आहे, बौद्धिक अक्षमतेचं निदान किंवा प्रमाणपत्र यावरून देता येत नाही, त्यासाठी वैयक्तिक चाचणी आणि मुलाच्या रोजच्या व्यवहारातल्या कौशल्यांचं मापन लागतं.